खिशातल्या दुर्बिणीची बाजू

मोनोक्युलर, एका डोळ्याला लावायची एका नळीची दुर्बीण, म्हणजे खेळणं. जत्रेत मिळणारी वस्तू. पक्षी बघायचे तर आधी आठ-बेचाळीसची दुर्बीण घ्यावी, ऐपत असेल तर कॅमेरा आणि मोठी लेन्स घ्यावी, आणि तेवढे पैसे साठेपर्यंत पुस्तकं चाळत घरी बसावं. मुंबईच्या उपनगरांत पक्षी बघणाऱ्यांमध्ये हा सल्ला इतक्या खात्रीनं दिला जातो की नवा माणूस तो नियमच समजतो. रविवारी सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गेटपाशी तो ऐकू येतो, भांडुप पंपिंग स्टेशनच्या बांधावर ऐकू येतो, पवईच्या काठावर ऐकू येतो. देणारी माणसं वाईट नसतात. बहुतेकांना पक्ष्यांबद्दल खरी माया असते आणि माझ्यापेक्षा जास्त माहितीही असते. पण ह्या सल्ल्याचा मला राग येतो. भिंगाबद्दलचा मतभेद असता तर दोन ओळींत संपवला असता. इथे भिंगाच्या आडून माणसं दारातूनच परत पाठवली जातात, म्हणून सविस्तर उत्तर द्यायला बसले आहे.

आधी समोरच्यांचं म्हणणं, जराही पातळ न करता. माणसाला दोन डोळे आहेत. दोन्हींनी बघितलं की खोली कळते, फांद्यांच्या गुंत्यात बसलेला पक्षी पानांपासून सुटा दिसतो, नजर दमत नाही. एका डोळ्यानं बघणं म्हणजे अर्धं बघणं. शिवाय भिंग लहान म्हणजे प्रकाश कमी, आणि प्रकाश कमी म्हणजे रंग मेलेले. बरं, तुम्ही पाहिलंत हे खरं कशावरून? फोटो दाखवा. फोटो नसेल तर तुमचा स्वर्गीय नर्तक तुमच्यापाशीच ठेवा. आणि मग ते म्हणणं, जे सगळ्यात शेवटी पण सगळ्यात मनापासून येतं: उपनगरात आहे काय? कावळे, कबुतरं, घारी. त्यांच्यासाठी खिशात नळी कशाला? खरे पक्षी बघायचे तर भिगवणला जा, भरतपूरला जा, कच्छच्या रणात जा, आणि तिथे जाताना कुणी खेळणं नेत नाही.

एका डोळ्यापासून सुरुवात करू, कारण ही हरकत सगळ्यात शास्त्रीय वाटते आणि सगळ्यात आधी कोसळते. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओनं गुरूचे चंद्र पाहिले ते एकाच नळीतून, एकाच डोळ्यानं. पण इतकं लांब जायलाच नको. ठाण्याच्या खाडीत ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो, त्यावर तुतारी, मालगुजा, शेकाट्या थव्यांनी उतरतात, आणि ते मोजायला जाणकार मंडळी येतात. ती ट्रायपॉडवर काय लावतात? स्पॉटिंग स्कोप. वीस ते साठ पट मोठं दाखवणारा, चांगल्या कंपनीचा असेल तर लाखाच्या पुढचा, आणि डोळा लावायची जागा एक. मोठ्या लेन्सचा कॅमेरा डोळ्याला लावतात तेव्हा किती डोळे लावतात? तिथेही एकच. मग एका डोळ्यानं बघणं लाखभर रुपये मोजले की शास्त्र होतं आणि काही हजार मोजले की पोरखेळ होतं, हे कुठलं प्रकाशशास्त्र? डोळ्यांच्या संख्येला हरकत असती तर ती स्कोपवरही घेतली गेली असती. ती कुणी घेत नाही. हरकत किमतीला आहे, आणि ती तशीच स्पष्ट बोलून दाखवावी.

दोन डोळ्यांनी सलग अर्धा तास बघणं सोपं जातं, हे खरं. खोल सावलीत पक्षी शोधायलाही दोन डोळे बरे. पण सलग अर्धा तास दुर्बीण न काढता बघण्याचा प्रसंग आपल्याकडे येतो कुणाला? कान्हेरीच्या वाटेवर हळद्या दिसतो तो झाडातून झाडात जाताना, घटकाभर. नाचण एका फांदीवर दहा सेकंदही थांबत नाही. आणि डोळा दमतो म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण दुसरा डोळा घट्ट मिटतात, म्हणून दमतात. तो मिटायचा नसतो. दोन्ही उघडे ठेवायचे. दोन-चार दिवसांत मेंदू उघड्या डोळ्यापुढचं चित्र आपसूक बाजूला टाकतो आणि नळीतलं तेवढं ठेवतो. आधी नुसत्या नजरेनं पक्षी पकडायचा, नजर तिथून हलवायची नाही, आणि नळी उचलून नजरेच्या रेषेत आणायची. तर्जनी भुवईला टेकवायची, दुसऱ्या हातानं कोपर छातीशी धरायचं. थरथर बरीच कमी होते. हे पाच मिनिटांत शिकवता येतं. "ह्यातून काही दिसणार नाही" म्हणायला पाच सेकंद लागतात, एवढाच काय तो फरक.

आता प्रकाश. भिंगावर ८×२५ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ आठ पट आणि पुढचं भिंग २५ मिलिमीटरचं. ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो. पंचवीसला आठनं भागलं की तीनाहून थोडं जास्त येतं. मागच्या भिंगातून डोळ्यात जाणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटरचा असतो. झाला ना सिद्ध मोठ्या भिंगाचा मोठेपणा? पण मुंबईच्या उन्हात माणसाची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरवर येते. सव्वापाच मिलिमीटरचा झोत तीन मिलिमीटरच्या दारातून आत जाणार किती? तीन मिलिमीटरचाच. उरलेला बाहुलीभोवतीच्या बुबुळावर पडून वाया जातो. पहाटेच्या अंधुक उजेडात, दाट रानात, सूर्य मावळल्यावर मोठं भिंग जिंकतं, त्यात वाद नाही. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच ह्या वेळात त्या जास्तीच्या प्रकाशाचे पैसे कशासाठी मोजायचे? आणि उपनगरातला माणूस घराबाहेर असतो तो नेमका ह्याच वेळात.

एका गोष्टीत मात्र हरकत घेणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं आहे, आणि ते देणाऱ्या बाजाराला मी मोकळं सोडणार नाही. मोबाइलवर रोज जाहिराती दिसतात: ४०×६०, ८०×१००, मैलभर दूरचा चेहरा वाचा, किंमत हजाराच्या आत. हे आकडे धादांत खोटे असतात. चाळीस पट मोठं चित्र हातात धरून स्थिर ठेवणंच अशक्य आहे, तिथे ट्रायपॉड लागतो. असल्या नळ्या तपासल्या तर बहुतेक आठ-दहा पटीच्याच निघतात. तपासायची रीत सोपी आहे. नळी हातभर लांब धरून उजेडाकडे करा, सूर्याकडे कधीही नाही, आणि मागच्या भिंगात दिसणारं उजेडाचं वर्तुळ बघा. ४०×६० खरं असेल तर ते दीड मिलिमीटरचं, टाचणीच्या डोक्याएवढं दिसायला हवं. ते चांगलं चार मिलिमीटरचं दिसलं आणि पुढचं भिंग मोजून चाळीस मिलिमीटरचं निघालं, तर तुमच्या हातात दहा पटीची वस्तू आहे. वर्तुळ गोल आहे की कडेला कापलेलं आहे, तेही बघा. कापलेलं असेल तर आतला लोलक हलका आहे. सहा, सात, आठ पट, ह्याच्या पुढे जाऊ नका, म्हणजे हात थरथरला तरी पक्षी चौकटीत राहतो. असली खोट्या आकड्यांची नळी घेऊन फसलेला माणूस "मोनोक्युलर बेकार" म्हणतो तेव्हा त्याची चूक नाही. पण जाणकारानं तेच म्हणावं? खोट्या आकड्यांच्या बायनोही, म्हणजे दोन नळ्यांच्या दुर्बिणीही, ढिगानं विकल्या जातात. त्यावरून दुर्बीण ही वस्तूच बेकार, असं कुणी म्हणतं का?

ह्यापुढचा मुद्दा लोकलनं प्रवास करणाऱ्यालाच कळेल. दुर्बीण म्हणजे बिजागरीनं जोडलेल्या दोन नळ्या. त्या दोघींनी अगदी एकाच दिशेला बघायला हवं. घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकल पकडताना खांद्यावरची पिशवी दांड्यावर आपटली, किंवा डब्यात वरच्या फळीवरून सॅक खाली पडली, की आतला एक लोलक केसभर सरकतो. बाहेरून काही दिसत नाही. पण त्या दिवसापासून दोन चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत. मेंदू ती ओढूनताणून बसवत राहतो आणि दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं. ही जुळणी घरी होत नाही, आणि नीट करून देणारा शोधावा लागतो. स्वस्त दुर्बिणीला तो खर्च परवडतही नाही, ती कपाटात जाते. उपनगरात अशा दुखऱ्या दुर्बिणी किती घरांत पडून आहेत! एकाच नळीला हा रोग होऊच शकत नाही, कारण जुळवायला दुसरी नळीच नाही. आपटली तर फुटेल, पण तिरळी होणार नाही. पावसाळ्याचंही तसंच. आपल्या दमट हवेत भिंगाच्या आत बुरशीची जाळी धरते. नायट्रोजन भरलेला, पाणी न शिरणारा छोटा मोनोक्युलर आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात टाकल्या की जून ते सप्टेंबरची काळजी मिटते. दोन किलोच्या लेन्ससाठी मंडळी खास दमटपणा शोषणारी विजेवरची कपाटं घेतात. घेऊ देत. सगळ्यांनी घ्यावीत का?

वजनाची तर तुलनाच नको. आठ-बेचाळीसची दुर्बीण सहाशे-आठशे ग्रॅमची. छोटा मोनोक्युलर शंभर ग्रॅमच्या आसपास, शर्टाच्या खिशात मावणारा. ह्या फरकाला मंडळी आळशीपणाची सोय म्हणतात. मला तर तो सगळ्या वादाचा गाभा वाटतो, कारण उपनगरात पक्षी ठरवून भेटत नाहीत, ते वाटेत भेटतात. अंधेरीत एमआयडीसीच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी उभं असताना विजेच्या खांबावर शिक्रा येऊन बसतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर बस अडकलेली असते आणि पवईच्या पाण्यावरच्या पानांवरून कमळपक्षी चालत जातो. ह्या क्षणी घरातल्या कपाटातली उत्तम दुर्बीण काय कामाची? रविवारची दुर्बीण रविवारचेच पक्षी दाखवते. सोमवार ते शनिवार जे दिसतं त्याचं काय करायचं?

एक तांबटच घ्या. मुलुंडला आमच्या गल्लीत उंबराचं एक झाड आहे, त्याची शेंड्याकडची फांदी वाळलेली. जानेवारी संपत आला की तिथून टुक-टुक-टुक सुरू होतं आणि उन्हं चढली तरी थांबत नाही. गल्लीतल्या प्रत्येकानं तो आवाज आयुष्यभर ऐकलेला आहे. पक्षी पाहिलेला किती जणांनी? आवाजाच्या रोखानं बघावं तर तो भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो, कारण हाक देताना तांबट मान इकडून तिकडे वळवत राहतो. नुसत्या डोळ्यांना शेंड्यावर एक हिरवट बोंडुक दिसतं, पान समजून नजर पुढे जाते. आठ पटीची नळी लावली की कपाळावर लाल टिळा, छातीवर लाल पट्टा, डोळ्याभोवती आणि गळ्याशी पिवळा रंग, पोटावर हिरवे फराटे. आणि मग ते दिसतं जे पुस्तकातल्या चित्रात दिसत नाही: हाक देताना चोच मिटलेलीच असते. प्रत्येक टुकला गळ्याची कातडी फुग्यासारखी फुगते आणि बसते. मी हे इस्त्रीवाल्या भय्यांना दाखवलं, आमच्या वॉचमनला दाखवलं, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या दोन मुलींना दाखवलं. प्रत्येकाचं बोलणं मध्येच थांबलं. ज्या वस्तूतून हे होतं तिला खेळणं म्हणणाऱ्यांनी त्या मुलींचे चेहरे बघायला हवे होते.

उपनगरात काही नाही, असं म्हणणाऱ्यांना मी काही ठिकाणं आठवून देते. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. मुलुंड, भांडुप, गोरेगाव, बोरिवली ह्या सगळ्यांची पाठ त्याला लागलेली आहे, आणि तिथल्या पक्ष्यांच्या जाती अडीचशेच्या पुढे जातात. राखी धनेश, भृंगराज, स्वर्गीय नर्तक, टकाचोर, हरियल. हरियल आपला राज्यपक्षी, तो बघायला ताडोब्याला कशाला जायचं? पलीकडे ठाण्याची खाडी. २०१५ मध्ये तिथे रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ती जागा पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला रोहितांची संख्या लाखाच्या घरात पोचलेली आहे. भांडुप पंपिंग स्टेशन ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून आहे. आरे आहे, पवई आहे, वर्सोव्याची आणि गोराईची खारफुटी आहे. ही यादी काही गुप्त नाही. मग "इथे काही नाही" हे वाक्य येतं कुठून? न बघण्यातून येतं, आणि लोकांना बघू न देण्यातूनही येतं.

घाटकोपरचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. २० मे २०२४ च्या रात्री विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानावर रोहितांचा थवा आदळला. पंतनगर, लक्ष्मीनगरच्या भागात गुलाबी पंखांची धुडं रस्त्यावर, इमारतींच्या आवारात पडली. तीसहून जास्त पक्षी मेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो होते, आणि घाटकोपरच्या कितीतरी घरांत पहिल्यांदा बोलणं झालं की अरे, हे आपल्या डोक्यावरून जातात? वर्षानुवर्षं जात होते. गच्चीवर उभं राहून वर बघितलं असतं तर संध्याकाळी खाडीकडे सरकणारी रेघ दिसली असती, आणि खिशातल्या नळीनं तिच्यातल्या लांब माना आणि लांब पाय वेगळे ओळखू आले असते. ज्या वस्तीला आपल्या आकाशातले पक्षी मेल्यावर कळतात, त्या वस्तीला आपण सांगायचं की आधी पंधरा हजारांची दुर्बीण घ्या? खाडीलगत बांधकामं येतात, पाणथळी बुजतात, दिवे वाढतात, तेव्हा हरकत कोण घेणार? ज्यांनी तिथले पक्षी जिवंतपणी पाहिलेत तेच घेतील. त्यांची संख्या वाढवायची की कमी ठेवायची, हे आपल्याला ठरवावं लागेल.

फोटोचा आग्रह मला ह्या सगळ्यात जास्त घातक वाटतो. दुर्मीळ पक्ष्याची नोंद करताना फोटो मदत करतो, हे मान्य. पण रोजच्या बघण्याला पुराव्याची अट कुणी घातली? हिवाळ्यात झुडपात लपून बसणारा वटवट्या घ्या. तपकिरी, बारीक, एकासारखा दुसरा. त्याचा स्वच्छ फोटो काढूनही तज्ज्ञांमध्ये वाद होतात, आणि ओळख पटते ती त्याच्या हाकेवरून, त्याच्या हालचालीवरून. शेपटी वर करतो की खाली झटकतो, जमिनीलगत फिरतो की शेंड्याला, हे बघायला वेळ द्यावा लागतो, आणि कॅमेरा धरलेला माणूस तो वेळ फोकस धरण्यात घालवतो. परतल्यावर पडद्यावर पिसं मोजता येतात. समोर असताना तो पक्षी काय करत होता, हे विचारा. पुष्कळांना सांगता येत नाही.

आणि फोटोच्या मागे लागून काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. घुबडाची ढोली सापडली की जागेचं ठिकाण फोनवरून फिरतं, सकाळी तिथे पंधरा ट्रायपॉड उभे असतात. नर्तकाचं घरटं सापडलं की मधली पानं "जरा बाजूला" केली जातात, म्हणजे पिल्लांवर थेट ऊन आणि कावळ्यांची नजर. मोबाइलवर नराची हाक वाजवून नराला बोलावलं जातं. तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला समजून अन्न शोधायचं सोडून भांडायला येतो. लेन्स कितीही मोठी असली तरी आणखी जवळ जावंसं वाटतंच, कारण फोटो भरलेला हवा असतो. मोनोक्युलरवाल्याला तशी ओढ नसते, त्याच्याकडे घरी नेण्यासारखं काही नसतं. तो लांब उभा राहतो, बघतो, निघून जातो. पक्ष्यांच्या दृष्टीनं ह्यातलं खरं साधन कोणतं आणि खेळणं कोणतं?

आता ज्या माणसांमुळे मी हे लिहायला घेतलं त्यांच्याकडे येते. माझ्या शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका. एका डोळ्यानं त्यांना दिसत नाही, काचबिंदूनं तो डोळा गेला. दुसरा उत्तम आहे. मोठ्या दुर्बिणीची अर्धी बाजू त्यांच्यासाठी निव्वळ ओझं. त्या आपला छोटा मोनोक्युलर घेऊन पक्षी बघण्याच्या एका फेरीला गेल्या. नेतृत्व करणाऱ्या तरुणानं सगळ्यांदेखत सांगितलं, "काकू, पुढच्या वेळी नीट बायनो आणा, ह्यातून काही दिसणार नाही." काकूंनी त्याला डोळ्याचं सांगितलं नाही. का सांगावं? पुढच्या वेळी त्या गेल्याच नाहीत. लहान मुलांची अडचण आणखी साधी आहे. बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या दोन नळ्या साडेपाच-पावणेसहा सेंटिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत, आणि लहान मुलाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी असतं. त्याला दोन काळी वर्तुळं आणि मध्ये काहीच नाही, असं दिसतं. ते मूल "दिसलं" म्हणतं, कारण सगळे विचारतात. चष्मा असणाऱ्यांनी मागचा रबरी कप खाली करून नळी चष्म्याला टेकवली की काम होतं. एकच काच, एकच डोळा, एकदाच जुळवायचं. हे सगळे लोक पक्षी बघण्याच्या लायकीचे नाहीत का?

ह्याच शहरात १९०८ च्या सुमारास एक मुलगा गळ्याशी पिवळा ठिपका असलेली मेलेली चिमणी कागदात गुंडाळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात गेला होता. ती त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं पाडली होती. त्याच्याकडे दुर्बीण नव्हती, पुस्तक नव्हतं, नावही माहीत नव्हतं. सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड ह्यांनी त्याला "आधी नीट तयारी करून ये" म्हटलं नाही. त्यांनी चिमणी ओळखून दिली, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले. तो मुलगा सलीम अली. पुढे १९४१ मध्ये त्यांचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यावरून पक्षी शिकले. त्या दिवशी दारात साधनांची चौकशी झाली असती तर?

आता उरलेली एक शंका. काही जणांना शेजाऱ्यांचा प्रश्न पडतो: समोरच्या इमारतीत पन्नास खिडक्या, तुम्ही बाल्कनीत नळी लावून उभे, लोक काय म्हणतील? लोकांचं चुकत नाही. नळी झाडावर धरायची, खिडक्यांच्या रेषेत आली की खाली घ्यायची, आणि समोरच्या वहिनींना एकदा बोलावून त्यांच्याच खिडकीतल्या कुंडीवर येणारा शिंजीर त्यांना दाखवायचा. संशय तिथेच संपतो. कॅमेऱ्याच्या फूटभर लेन्सनं हे साधणं फार कठीण.

तेव्हा माझं म्हणणं पुन्हा सांगते, ह्या वेळी मागणी म्हणून. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी सुरू होतो, सलीम अलींच्या जन्मदिनी संपतो. त्या आठवड्यात उपनगरांत जागोजागी फेऱ्या निघतात. त्यांच्या निमंत्रणांवर "स्वतःची दुर्बीण आवश्यक" असं छापलेलं असतं, ते काढून टाका. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या महापालिका शाळांसाठी दोन मुलांमागे एक असे सहा किंवा आठ पटीचे मोनोक्युलर घ्या. एका मोठ्या लेन्सच्या पैशात आख्खा वर्ग होतो. ते शाळेच्या कपाटात कुलुपात ठेवू नका, शुक्रवारी मुलांच्या हातात द्या आणि सोमवारी परत घ्या, म्हणजे शनिवार-रविवारी ते चाळींत, झोपडपट्ट्यांत, सोसायट्यांच्या गच्च्यांवर जातील. एखादा हरवेल, एखादा फुटेल. तो खर्च धरूनच हिशोब करा. आणि जो रिकाम्या हातानं येईल त्याला घोळक्याच्या मागे ढकलू नका. पुढे घ्या, आपली नळी त्याच्या हातात द्या आणि तो खाली ठेवेपर्यंत परत मागू नका.